शांतीच्या कराराचं वर्ष

बेळगाव, जून १९८४

प्रिय आप्पा,
तुमच्या दोर्काचा सलाम.

हुबळीला दादाकडे तुमचं बरं चाललंय, हे वाचून जीवाला बरं वाटलं. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, "माझ्यावर राग हाय का गं?"

पाच वर्षांपूर्वी इजिप्त आणि इस्राएलनं शांतीचा करार केल्याची बातमी रेडिओवर आली. त्याच संध्याकाळी निपाणीहून आमोसचे आईवडील मला मागणी घालायला आले होते. तुम्ही पवित्र शास्त्र उघडून त्यांना सांगितलंत, "लोक शांती म्हणतील तवाच नाश येईल, असं हितं लिवलंय. प्रभू दारात हाय, जग संपत आलंय. आता लगीन कशाला?" आई म्हणाली, "अवो, पोरीकडं तरी बघा." तुम्ही बघितलं नाहीत. आमोसनं दोन वर्षं वाट पाहिली.

काल तो खडेबाजारात भेटला. कडेवर त्याची मुलगी होती. "आप्पा अजून बातम्या ऐकत्यात?" त्यानं विचारलं. "न्हाय, आता कुणाला रेडिओ लावूच देत न्हाईत," मी म्हटलं. त्यानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तो निघाला.

तुमचं काळीज नाजूक झालंय, म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पोस्टकार्डावर 'राग नाही' एवढंच लिहीन, आणि ते खरंच आहे. तुम्ही ते मनापासून मानत होतात, मला ठाऊक आहे. पण आप्पा, जगाचे थोडेच दिवस उरले होते ना? मग ते थोडे दिवस मला आमोसजवळ काढू द्यायचे होते.

तुमचीच,
दोर्का