धाकटा गप्प होता

५ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि विनंती अशी की हातातलं काम खाली ठेवून हे पत्र वाच.

बाबांकडून निम्मी बातमी तुला कळलीच असेल: पोरीने साहेबांचा हुकूम मोडला आणि तिला घरी बसवलं. उरलेली निम्मी माझ्याकडून ऐक.

परवा आमच्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या डिटेक्टरनी एक गुरुत्वीय लहर पकडली. फार फार दूर दोन विझलेले तारे एकमेकांवर आदळले आणि त्या धक्क्याने अवकाशच किंचित थरथरलं. ती थरथर आमच्या डिटेक्टरमधले आरसे टिपतात. धडक झाली हे कळलं, पण कुठे? लहर एका डिटेक्टरला आधी भेटली, दुसऱ्याला क्षणभराने. तेवढ्यावरून आकाशात नुसता लांबच लांब पट्टा आखता येतो. दुर्बिणवाले तो चाळेपर्यंत धडकेचा उजेड मावळून जातो. म्हणून तिसरा डिटेक्टर लागतो. तो आमचा. आकाराने सगळ्यांत लहान, म्हणून त्याला आम्ही धाकटा म्हणतो.

धाकट्याने जवळपास काहीच ऐकलं नाही. आमचे प्रमुख म्हणाले, यंत्र झोपलं होतं, चारचौघांत शोभा नको, धडकेची जागा दाखवणाऱ्या नकाशातून त्याला वगळा. मी म्हटलं, तो जागा होता. प्रत्येक डिटेक्टरच्या काही दिशा बहिऱ्या असतात. दोघांना ठणठणीत ऐकू आलं आणि याला नाही, म्हणजे लहर याच्या बहिऱ्या दिशेनेच आली असणार! मग त्या पट्ट्याचा इवलासा तुकडा तेवढा उरतो. त्यांनी हात झटकले. मी त्या तुकड्याचा नकाशा स्वतःच्या नावाने दिसेल त्या वेधशाळेला पाठवून दिला.

बाबा म्हणतात, माफी माग. तूही तेच लिहिणार असशील, तर तिकीट वाया घालवू नकोस.

लोभ कर, उपदेश राहू दे.
तुझी टिटवी

९ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद, आणि एकदा कान उपटला असं समज.

दादा माझ्या बाइंडिंगच्या दुकानात येऊन बसला होता. तुझ्या वतीने माफीपत्राचा मसुदा त्याने स्वतःच लिहून आणला होता, आणि सुवाच्य अक्षरात! मला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या बहिऱ्या बाजूला बसून. नंतर चहा आणायला उठला तेव्हा मी तो एका जाडजूड शब्दकोशाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाकला. कागद चांगला होता.

तुझं दिशेचं म्हणणं मला पटलं. आजारपणात डावा कान गेल्यापासून दुकानात फोन वाजला, की मी कपाटापासून दारापर्यंत शोधत फिरते. पण एक सांग. धाकटा जागा होता हे तू कशावरून म्हणतेस? पुराव्यावरून, की मायेवरून? पुरावा असेल तर एक पाऊल मागे घेऊ नकोस. नुसती माया असेल तर तो निव्वळ हट्ट. मसुद्याचा सरस अजून ओला आहे, सोडवून पाठवते.

जेवत जा. घरी बसवलंय, उपाशी बसवलेलं नाही.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. सरस वाळू दे.

आम्ही धाकट्याच्या आरशाला अधूनमधून मुद्दाम उजेडाचा हलकासा धक्का देतो आणि त्याला तो जाणवतो का ते बघतो. लहर येण्याआधी त्याला तो जाणवला होता, नंतरही अगदी तेवढाच जाणवला. झोपलेला माणूस चिमटा काढल्यावर ओरडेलही, पण आपण मघापासून झोपलोच नव्हतो, असं दाखवणारी नोंद देणार नाही. धाकट्याच्या आरशाची क्षणाक्षणाची नोंद सलग आहे, मध्ये कुठेही खंड नाही.

हे मी चौकशी समितीपुढे मांडलं. प्रमुखांनी माझ्याकडे एक कागद सरकवला आणि सांगितलं, यंत्र नीट चालत नव्हतं एवढं मान्य कर, उद्यापासून कामावर ये. कागद मी दोनदा वाचला, आत्या, खोटं कशाला सांगू. मोठ्या वेधशाळांनी माझा नकाशा अधिकृत नाही म्हणून बाजूला ठेवला होता. आकाशात कुणालाच काही सापडलेलं नव्हतं. तरी कागद मी तसाच परत सरकवला.

आणि आज दुपारी एका छोट्या डोंगरी दुर्बिणीवरच्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी माझाच तुकडा धुंडाळला. तिथल्या एका फिकट दीर्घिकेच्या कडेला जुन्या फोटोंत नसलेला एक ठिपका होता. पहिल्या रात्री निळसर, मग तांबूस, मग मंद, धडकेचा उजेड मावळतो अगदी तसाच. पक्की खात्री होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत, एवढंच. मी खुर्चीवरून उठले आणि मोकळ्या खोलीत मोठ्याने ओरडले. शेजारीण धावत आली.

असाच जीव लावत राहा.
टिटवी

२० मार्च

चि. पोरीस,
आशीर्वाद.

तुझा नकाशा सगळीकडे छापून आला. मी तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. तू कामावर परत गेलीस, मन निवांत झालं. मात्र आज्ञाभंगाचा शेरा तुझ्या नावावर राहतोय म्हणे. माझ्या सगळ्या नोकरीत एक शेरा नव्हता. तुझे प्रमुख तोंडी परवानगी दिली होती असं म्हणायला तयार आहेत, तू फक्त हो म्हण. त्यांचीही अब्रू राहील, तुझाही कागद कोरा राहील. एवढं बापासाठी कर. आत्याला हे पत्र दाखवू नकोस.

तुझे बाबा

२५ मार्च

ती. बाबांस,
नमस्कार, आणि आधीच क्षमा: पत्र आत्याला दाखवलं.

बाबा, तुमच्यासाठी काय वाटेल ते करीन, हे नाही. परवानगी होती असं म्हटलं, तर धाकट्याला वगळायचा हुकूम कधी नव्हताच असं ठरेल, आणि पुढच्या वेळी गप्प बसलेल्या यंत्राला पुन्हा झोपलेलं ठरवतील. आता नियम झालाय: धाकटा बोलो की गप्प राहो, जागा असेल तर नकाशात त्याची साक्ष घ्यायचीच. तो नियम मी मोडलेल्या हुकमातूनच आलाय. नकाशा बरोबर होता हे खरं, हुकूम मोडला हेही खरं. दोन्ही माझ्या नावावर राहू देत.

काल समितीने शेऱ्याचा कागद सहीसाठी दिला. मला वाचवायला त्यांनी लिहिलं होतं, ‘गैरसमजातून आदेशाचा भंग.’ मी ‘गैरसमजातून’ खोडलं, वर ‘जाणूनबुजून’ लिहिलं, आणि मग सही केली.

रागवा, पण आपली म्हणूनच रागवा.
तुमची पोर