सहा करडे आणि विळा विझवलेले दूध

नागरा, २८ नोव्हेंबर

ती. धुरपता आत्यास,

सा. नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची आणि फुफाजींच्या खोकल्याची चौकशी खाली केली आहे. आधी घडले ते क्रमाने लिहिते.

१. २ नोव्हेंबरला मी रक्ताचे नमुने घेऊन नागपूरला पशुवैद्यकीय कॉलेजात गेले. गोठ्यात बारा करडे होती. निळ्या पट्ट्याच्या सहांना दुधासोबत लोहाचे औषध, पिवळ्या पट्ट्याच्या सहांना नुसते दूध.
२. ३ तारखेला तुम्ही दरेकशाहून आमच्याकडे आलात.
३. १४ तारखेला परत गेलात.
४. १५ तारखेला मी आले. पिवळ्यांपैकी चौघांच्या पापण्या आतून गुलाबी झाल्या होत्या.
५. लोह कुणीही दिलेले नाही, असे घरात सर्वांनी सांगितले.

आता चौकशी. गुडघे कसे आहेत? फुफाजींना वाफ घेता येते का? इकडे बाबा बरे आहेत. आईही बरी आहे, पण माझ्याशी तुटक बोलते, कारण मी तिची चार वेळा उलटतपासणी घेतली. (तिसऱ्या वेळी मी वही घेऊन बसले, ते तिला लागले.)

तुम्ही आईला विचारलेत म्हणे, "काऊन वो चंदा, तुही पोरगी डॉक्टर होऊन राहिली का कसाई?" उत्तर मीच देते. दुधात लोह फार थोडे असते. नुसत्या दुधावरच्या करडाचे रक्त फिकट होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला पाहायचे होते ते पुढचे. अंगातली चरबी जाळायलाही लोह लागते. ते नसले की चरबी जळत नाही, रक्तात आणि यकृतात साचते. पिवळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि रक्त मात्र साय धरल्यासारखे होते. हा छळ नाही. कॉलेजच्या समितीची परवानगी आहे, आणि प्रयोग संपताच सर्वांना लोहाचे इंजेक्शन द्यायचे ठरलेले आहे.

त्यासाठी मी काय काय केले, ते तुम्ही पाहिले नाही. माती चाटू नये म्हणून फळ्यांची जमीन केली. बादल्या प्लास्टिकच्या आणल्या. कवाडाच्या खिळ्यांना व्हार्निशचे दोन हात दिले. (बाबा म्हणाले, "खिळ्यायचं लगन आहे का वो?") म्हणून करडे गुलाबी दिसताच मी आधी यंत्रावर संशय घेतला. मग रसायने बदलली. मग बोअरच्या पाण्याची तपासणी केली. मग नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला असे काही बोलले की त्याची आता लेखी माफी मागावी लागली आहे. चारही करडांच्या रक्तातली चरबी उतरली होती. माझ्या सगळ्या तक्त्यांत ती चार घरे वेड्यासारखी दिसत होती.

शेवटी आईच बोलली. तुम्ही तिला देवाची शपथ घातली होती, ती तिने मी आल्यावरही आठ दिवस पाळली. रोज सकाळ-संध्याकाळ तुम्ही चुलीत विळा लाल करून त्या चार पिवळ्यांच्या दुधात विझवत होतात. अशक्त बाळंतिणीला देतात तसे. तुमचे म्हणणे, "एवढी शिकली, पन पिल्लू पांढरं पडून राहिलं तं दिसत नाई हिले."

दिसत होते, आत्या. त्याच्यासाठीच शिकले.

बाबा तुमच्यावर फोनवर ओरडले, ते चूक झाले. पण तेव्हापासून मी फोन केला की "आवाज कटून राहिला" म्हणून तुम्ही ठेवता, म्हणून हे पत्र. कॉलेजच्या सरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. एक, पिवळा गट रद्द करून सगळा प्रयोग नव्याने करायचा, म्हणजे माझे एक वर्ष जाते. दोन, काय, किती, कुणाला दिले याची नेमकी नोंद आणायची. मग हा 'मधूनच लोह मिळालेला' तिसरा गट धरता येतो. मी वर्ष घालवणार नाही. तुम्ही "मी नाई केलं काई" म्हणत राहिलात तरी नाही.

कळावे. फुफाजींना नमस्कार.

तुमची,
रीता

ता. क. (१) सोबत कोरा तक्ता जोडला आहे. दिवस, दूध किती आणि विळा किती वेळा, एवढेच भरायचे. सहांपैकी दोघांना तुम्ही का वगळलेत, तेही लिहा. आईला माहीत नाही. मी अंदाज करत नाही.

ता. क. (२) वर लिहिलेले सर्व कायम आहे. तरीही: दिलेले लोह मोजायचे तर तसेच दूध पुन्हा तयार झाले पाहिजे. मी सहा वेळा विळा विझवला. सहाही वेळा दूध फाटले. बाबा त्यात साखर घालून खातात आणि प्रयोग चालू ठेव म्हणतात. विळा किती लाल करायचा, दूध कोमट की थंड, ते तुमच्या हाताला माहीत आहे, मला नाही. म्हणून तुम्ही दोन दिवस यावे आणि माझ्यासमोर विळा विझवावा. मी थर्मामीटर धरीन. बोलणार नाही.

समितीची बैठक ८ डिसेंबरला आहे. येता की नाही, ते ५ डिसेंबरपर्यंत कळवा.