नऊ जणांचे रोट

३० जुलै, बुधवार
कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडले. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नऊ नावं घेतली. गावात माणसं तीन — हे, थोरले भाऊजी आणि पुतण्या प्रेमराज. बाकीचे पुण्या-नाशिकला. आमचा मुलगा नवल जर्मनीत, म्हाताऱ्यांची सेवा करतो.

हे म्हणाले, "ज्या येणार नहीत, त्यासनी मूठ कसाले?" रोट परक्याला देत नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे. ठाऊक आहे मला! पण जित्या माणसाची मूठ वगळू कशी? हात धजला नाही.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. टीव्हीवर जर्मनीतला मोर्चा — बाहेरच्यांना घालवा म्हणून. नवलचंच शहर आहे का, कळलं नाही. फोन लावला. उचलला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
कानबाईला निरोप दिला. नवलचा फोन नाहीच. 'कामात आहे' एवढा मेसेज. कित्येक महिने व्हिडिओवर तोंड दाखवलेलं नाही. नेट नाही म्हणतो — जर्मनीत नेट नाही!

हे धीर देतात. "त्यासनाकडे पोरंच होत नहीत, बठ्ठा म्हताराच शेतस. आपला पोरेसबिगर त्यासना देश चालाव नही."

असेल. पण ज्याची गरज असते त्याला कोणी मारत नाही, असं थोडंच आहे? गावातल्या डाळमिलचंच बघा. बिहारी पोरं नसती तर ती कधीच बंद पडली असती, आपल्यातलं कोणी पोतं उचलत नाही. आणि प्रेमराज काल कानबाईपुढे बसून म्हणत होता, "ह्या लोकसले हाकली देऊ." चार जण मान डोलवत होते. नवलच्या गल्लीतही असा एखादा प्रेमराज असेल. त्याचीही कोणी काकू असेल, माझ्यासारखीच गप्प बसलेली.

६ ऑगस्ट
सतरा रोट उरलेत. ह्यांना साखर आहे, एकच खातात. मी दुधात कुस्करून गिळते. पोट दुखतं. जो उरेल तो कोणाच्या नावाचा?

७ ऑगस्ट, गुरुवार
काल संध्याकाळी मिलीवर दगड पडले. एका बिहारी पोराचं डोकं फुटलं. आज सकाळी सगळे बोचकी घेऊन दोंडाईचा स्टेशनवर गेले. मिल बंद.

दुपारी प्रेमराज जेवायला आला. भाऊबंद आहे, नाही कसं म्हणू? तीन रोट वाढले. मान वर केली नाही. "काकू, बरं नही का?" म्हणाला. काही नाही म्हटलं. भित्री आहे मी!

नवल अजून उचलत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
नवलचा फोन आला. नंबर इथलाच. "माय, मी पाच महिनापाइन सुरतमाच शे. जर्मनीवालासनी परत धाडी दिधं."

एजंटनं दिलेले कागद खोटे निघाले. आता कापडाच्या मिलीत गठ्ठे उचलतो. दोंडाईच्याहून चार तासांची गाडी. ये म्हटलं, तर म्हणाला, कोणत्या तोंडानं येऊ. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.