वाढत्या अंगाची सीट

६ मे, मंगळवार
आजपासून राग बंद. सकाळी ठरवलं. चहा होईपर्यंत टिकलं. मग मामानं विचारलं, गाडीत डिझेल काऊन नाही.

महत्त्वाचं: धम्मशीलाचा फोन. स्वतःहून! तिची ताई, भाऊजी आणि त्यांची अकरा महिन्यांची यशू बुद्धपौर्णिमेसाठी कल्याणहून हिवरा आश्रमला, माहेरी येणार. रविवारी नांदुऱ्याला उतरणार. ताईची अट अशी, की लेकरू मांडीवर घेऊन गाडीत बसणार नाही. लेकराची वेगळी सीट असेल तीच गाडी पाहिजे. तशी गाडी आमच्या डोणगावात कोणाकडेच नाही. मी म्हणालो, माझ्याकडे आहे.

नाही. पण येईल.

धम्मशीला स्टेशनवर घ्यायला सोबत येणार. येताना खामगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला की तिला विचारणार. लग्नाचं. आता नाही तर कधीच नाही.

गाडी गुलाबमामाची, चालवतो मी. सेकंड इयरला कॉलेज सोडलं तेव्हापासून. कॉलेजनं मला सोडलं असं मामा सगळीकडे सांगतो. त्याला डिटेल माहीत नाहीत.

७ मे, बुधवार
मोबाइलवर सीटचा पूर्ण अभ्यास. दहा मिनिटांत विषय क्लिअर.

बारक्या लेकराची सीट मागे तोंड करून लावतात म्हणे. पटलं नाही. पाहुण्याला कोणी पाठमोरं बसवतं का? शिवाय ती सीट दोन दिवाळ्यांत लहान पडणार. आमच्या आईनं माझा एक शर्ट कधी मापाचा घेतला नाही. बाह्या दुमडायच्या, पण घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. म्हणून चार ते बारा वर्षांची सीट मागवली. पोरगी मोठी होईल, शाळेत जाईल, त्याच सीटवर बसेल. मैत्रिणी विचारतील, कोणी दिली गं? मावशानं.

मावसा म्हणजे मी. तोवर लग्न झालेलं असेल.

९ मे, शुक्रवार
सीट आली. पाठच नाही. नुसतं बूड. लग्नातल्या पाटाला गादी शिवल्यासारखं.

कुरिअरवाल्याला धरला. म्हटलं, वरचा भाग कुठं विकला? त्यानं शांतपणे मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोतही पाठ नव्हती. म्हणजे फोटो काढायच्या आधीच चोरी झालेली. तसं त्याला म्हणालो. तो न बोलता गेला. अपराधी माणूस बोलत नाही.

घरातला तक्क्या उभा करून पाठ तयार केली. पलंगाच्या नवारीनं आवळला. कंपनीपेक्षा मऊ.

नवीन भानगड. सीटला गाडीचा पट्टा लागतो. मागच्या सीटला पट्टेच नाहीत! तसाच अजहरच्या दुकानात गेलो. माझा दोस्त, दिवाळीत सीटकव्हर त्यानंच बसवलं. चार लोकांसमोर सुनावलं, पट्टे चोरले म्हणून.

अजहर म्हणाला, "चोरीन कायले बे? तूच म्हणला होता ना, सवाऱ्यांच्या बुडाले टोचतात, कव्हरखाली दाबून टाक."

असं मी म्हणालो असेन तर वेगळ्या संदर्भात. घरी येऊन रागानं ब्लेड मारलं. कव्हर फाटलं, पट्टे निघाले. तिन्ही. एकदम कोरे, कंपनीचा वास येत होता. मामानं कव्हर पाहिलं आणि जेवला नाही.

१० मे, शनिवार
ट्रायल. लेकराच्या वजनाचं काही पाहिजे म्हणून शेजारच्या सिंधूताईंचं करडू आणलं. लस टोचायला नेतो एवढंच सांगून. सीटवर बसवलं, पट्टा लावला, गावाला चक्कर मारली. वेशीपाशी पाहिलं तर पट्टा जागेवर, करडू माझ्या मांडीवर. खालून सरकून आलं. तक्क्याचा कोपराही खाल्ला.

निष्कर्ष: सीट चांगली आहे. करडू आगाऊ आहे.

११ मे, रविवार, संध्याकाळ
क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं शांत राहील.

सकाळी हिवऱ्याहून निघालो. पणतीला पाहायला धम्मशीलाची आजी तानाबाईही आली. आजीला मान म्हणून पुढे बसवलं. धम्मशीला मागे, तक्क्याजवळ. आरशात दिसत होती. अर्धी तक्क्यानं झाकलेली.

स्टेशनवर ताईनं सीट पाहिली. विचारलं, "हे कोणासाठी?"

मी म्हणालो, यशूसाठी.

"कोणत्या सालासाठी?"

वाढत्या अंगाचं समजावून सांगितलं. तानाबाई म्हणाली, "बराबर केलं पोरानं, अंग का वाढाचं राह्यते?" पूर्ण कुटुंबात एक तरी शहाणं माणूस आहे.

भाऊजींनी मोठी बॅग उघडली. आत सीट! कल्याणहून उचलून आणलेली. म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता. राग आला. गिळला. त्यांनी माझी सीट बाहेर ठेवली, त्यांची मागे तोंड करून लावली, गुडघा देऊन दाबली, पट्टा खेचला. म्हणाले, "मागचे पट्टे मोकळे ठेवलेत, हे बरं केलं." धम्मशीला ऐकत होती. छाती फुगली.

मग त्यांना माझ्या सीटच्या बाजूला, पट्ट्याच्या खाचेत खोचलेली क्लिप दिसली. मी खुशीत सांगितलं, पट्टा नसला की गाडी टुंगटुंग करते, ते बंद करायची ही आयडिया. ही खोचली की पट्टा लावायचं कामच नाही. ते क्लिपकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"चावी द्या."

दिली. माणूस हळू बोलला की मला भांडता येत नाही.

ताईनं हिशेब केला. गाडीत पट्टे पाच, माणसं यशू धरून सहा. बिनपट्ट्याचं कोणी बसणार नाही. सगळ्यांनी आजीकडे पाहिलं. आजी मागे मधात बसून पट्टा लावून मोकळी. "आता मी सुटत नाही," म्हणाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

धम्मशीला म्हणाली, "प्रसेनजित, तू येशील नं एसटीनं?"

पहिल्यांदा नावानं हाक मारली. मी हो म्हणालो. ती पुढच्या सीटवर बसली. माझ्या शेजारची जागा. फक्त तिथे मी नव्हतो.

एसटीत सीट आणि तक्क्या मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, लेकरू कुठं आहे? म्हटलं, गाडीनं पुढं गेलं. खामगाव गेलं. पुढे रस्ता खरंच मोकळा होता.

१२ मे, पौर्णिमा
मामानं विचारलं, गाडी कुठाय? म्हटलं, कामावर आहे. ड्रायव्हर कुठाय, असं विचारून तो माझ्याकडेच बघत राहिला.

दुपारी धम्मशीलाचा फोन. पुन्हा स्वतःहून. म्हणाली, "भाऊजी मस्त चालवतात. गाडी गुरवारपर्यंत राहू दे. आजीले पट्टा लावून सगळ्या नातलगाइकडे जाचं हाय. गुरवारी ये अन् घेऊन जाय. अन् आयक, येतानी पट्टा लावणं शिकून येजो."

म्हणजे घरी बोलावलं. तिनं. मला. शिकून यायला सांगितलं, म्हणजे पुढचा विचार चालू आहे.

आजपासून रोज सकाळी पट्ट्याची प्रॅक्टिस. पक्कं.

फक्त गाडी तिकडे आहे.