कापडात केलेलं घर

बाबा, गुरुवारी मी तुमच्याबद्दल खोटं बोलले. हे काही पहिल्यांदा नाही. पण या वेळी समोरची मुलगी ते ऐकून हळहळली, आणि तिची ती हळहळ घेऊन मी घरी आले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. आज रविवार. सकाळी कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर सोडलं. चहा दोनदा केला, दोन्ही वेळा गार झाला. रोजनिशीत मी स्वतःला सवलत देत नाही, अशी माझी समजूत होती. मागच्या वह्या काढून पाहिल्या, वीस-बावीस वर्षांच्या. ही गोष्ट एकाही वहीत नाही. आईच्या आजारपणात मी किती वेळा चिडले, तेसुद्धा लिहिलेलं आहे, हे नाही.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. पुसदच्या पूल पार्लरमध्ये टेबलाच्या कापडात जो खळगा सापडला आणि ज्याच्यापायी तुमचं काम सुटलं, तो मी केला होता. तुम्ही तो स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. एवढंच आहे. पण एवढंच लिहून थांबावं म्हटलं तर हात थांबत नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

यवतमाळच्या क्लबात तुम्ही राखत होतात ते बिलियर्डचं जुनं टेबल मोडीत निघालं, तेव्हा तुम्ही पुसदला आलात. तिथे नवीनच पार्लर निघालं होतं, दोन पूलची टेबलं, आणि ती राखायला मालकाला माहितगार माणूस हवा होता. चार वाजता पार्लर उघडायचं. त्याआधी दुपारी शटर अर्धं खाली ओढून तुम्ही कापडाला ब्रश मारायचात, बॉल पुसायचात. मी कॉलेज सुटलं की तुमचा डबा घेऊन यायची आणि वाकून शटरखालून आत शिरायची. संध्याकाळी तिथे मुलींनी पाय ठेवायचा नव्हता, दुपारचं कुणाला कळत नव्हतं. गिऱ्हाइकं तुम्हाला उस्ताद म्हणायची. आठवड्यातून एकदा, गर्दी असली की, तुम्ही टेबलावर सहा बॉल मांडायचात आणि एका टोल्यात सहाच्या सहा वेगवेगळ्या पॉकेटांत घालवायचात. लोक ओरडायचे, "उस्ताद, हातात काय चुंबक हाय काय?" तुम्ही म्हणायचात, "हातात नाही, मांडनीत हाय." ते हसण्यावारी न्यायचे. मला मात्र तुम्ही दुपारी तेच शिकवत होतात.

मला स्टिक हातात द्यायला तुम्ही दोन महिने लावलेत. आधी नुसतं मांडायचं. मी कंटाळून म्हणाले होते, "बाबा, मले मारू द्या ना एक डाव." तुम्ही म्हणालात, "मारनारे लय हायत गावात. मांडनारा दाखव एखांदा." आणि मग त्या रविवारी स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, तुम्ही टोपलीतले आवळे उचलून पोळपाटावर एकाला एक चिकटवून ठेवलेत. तुम्ही मला विचारता, मागच्याला धक्का दिला तर पुढचा कुठे जाईल? मी म्हणते, जिकडे धक्का देऊ तिकडे. तुम्ही मान हलवता. मागच्याला बाजूने बोट मारता, आणि पुढचा आवळा बाजूला न जाता सरळ चुलीकडे घरंगळतो. "दोघाईच्या मधातून जे रेघ जाते ना, त्या रेघेनंच तो जाते. तू कुठूनही मार. चिकटले हायत तवरच पन. केसाइतकी फट पडली का गेला खेळ." आई म्हणाली, "लोनच्याचे आवळे हायत ते. बापलेकीनं मिळून चुलीत घाला सारे." तुम्ही आवळा उचलून फुंकलात आणि पुन्हा टोपलीत टाकलात. तिने तो पुन्हा काढून धुतला.

ती फट हीच सगळी अडचण होती. कापड जुनं झालं की बॉल एकाजागी राहत नाहीत, चिकटवून ठेवले तरी हळूच सुटतात. त्यावर तुमचा उपाय होता. बॉल जागेवर ठेवायचा आणि दुसऱ्या बॉलने त्याच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे, दोन-तीनच. खाली कापडात जेमतेम जाणवेल असा खळगा पडतो, आणि पुढच्या वेळी बॉल आपणहून तिथे बसतो. याला तुम्ही घर करणं म्हणायचात. पण तुमची सगळी घरं टेबलाच्या एकाच टोकाला होती, जिथे खेळाच्या सुरुवातीला तिकोनात बॉल रचतात तिथे. तिथलं कापड दर डावाला मार खाऊन तसंही दबलेलं असतं. मला तुम्ही एकदाच सांगितलंत, ब्रश खाली ठेवून. "तिकोनाच्या भायेर घर कराचं नाही. लोक हिथं खरे डाव खेळाले येतेत. आपल्या गमतीसाठी त्याइचा बॉल वाकडा जाता कामा नाही."

मी हो म्हणाले. आणि मला ते पटलंही होतं. मी न पटून मोडलं असतं तर आज लिहिणं सोपं गेलं असतं.

पण मला स्वतःचा एक शॉट हवा होता. तुमचे सहा बॉल तुमचेच होते. मी कितीही नीट मांडले तरी बघणाऱ्याला ते उस्तादचे. मी बसमध्ये, प्रॅक्टिकलच्या वहीच्या मागे, रेघा ओढून एक शॉट शोधून काढला: मधल्या पॉकेटापासून वीतभर अंतरावर दोन बॉल चिकटवून ठेवायचे, आणि एका टोल्यात एक मधल्या पॉकेटात, दुसरा पार लांबच्या कोपऱ्यात. कागदावर जमायचा, टेबलावर नाही. जोडी सुटायची. तुम्ही जेवून मागच्या बाकावर डोळा लावायचात तेवढा अर्धा तास माझा असायचा. त्या अर्ध्या तासात मी घर केलं. दोन-तीन ठोक्यांनी भागलं नाही, म्हणून रोज थोडे थोडे. आठवडाभराने बॉल सोडला की हलकेच डुलून तो बरोबर तिथे बसायचा. शॉट दहातून सात वेळा जमू लागला. तुम्हाला दाखवायचा म्हणून मी दिवाळीनंतरचा दिवस ठरवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत पार्लरची स्पर्धा होती. शेवटच्या डावाच्या वेळी मी डबा द्यायला आले, हातात डबा म्हणून कुणी अडवलं नाही, आणि गर्दी पाहून गल्ल्याजवळ उभी राहिले. दिग्रसचा एक खेळाडू पुढे होता. फक्त काळा बॉल उरला होता, मधल्या पॉकेटासमोर. जोरात मारला तर मागून पांढराही आत गेला असता आणि डाव हातचा गेला असता, म्हणून त्याने काळा नुसता ढकलला. बॉल सरळ निघाला. पॉकेट वीतभर राहिलं, आणि तो जरासा वळला, डुलला आणि थांबला. कुणीतरी म्हणालं, "अबे, ब्रेक लागला काय त्याले!" सगळे हसले. तो हसला नाही. त्याने स्टिक टेकवून ठेवली आणि खाली वाकून कापडाच्या रेषेत बघत राहिला. तुम्ही पुढे आलात. बॉल उचललात आणि तळहात कापडावरून फिरवलात, ब्रश मारून झाल्यावर फिरवता तसा. एका जागी हात थांबला.

मालक म्हणाले, "उस्ताद, काय हाय हे?"

"माह्याच हातचं हाय."

"तिकोनाच्या बाहेर तं तुमी कधी करत नाही म्हनत होते."

"केलं."

"कायले?"

मालक बरंच बोलले, जादूच्या नादात टेबलाचा सत्यानाश, पार्लरची इज्जत, असं काय काय. डाव दुसऱ्या टेबलावर पुन्हा खेळवला आणि दिग्रसचा तो हरला. त्याच्याबद्दल मी इतक्या वर्षांत एकदाही विचार केला नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चाललात, मी शेजारून. बाजारातून बाहेर पडलो. मग विचारलंत, "तुले काही सांगाचं हाय काय?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि प्रॅक्टिकल कधी आहे ते विचारलंत. आईने विचारलं, आज लवकर कसे? तर म्हणालात, टेबल बंद आहे. रोज दुपारी शटरखालून आत जाणारी माणसं दोनच होती, बाबा. तुम्हाला कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलंत.

नंतर तुम्ही कापसाच्या जिनिंगच्या गेटवर राखणीला बसू लागलात. गाड्या आल्या की उठायचं, गेल्या की बसायचं. कापसाचे तंतू तुमच्या भुवयांत अडकलेले असायचे. तिथे कुणी जुनं गिऱ्हाईक भेटलं आणि म्हणालं, उस्ताद, एकदा सहा बॉल होऊन जाऊ द्या, की तुम्ही म्हणायचात, "डोये साथ देत नाही आता." तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. तुम्ही चष्म्याशिवाय पेपर वाचायचात. सहा वर्षं तसं चाललं, आणि मग एका उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

मी आता यवतमाळलाच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. सहा महिन्यांपूर्वी स्टेशनरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पूल पार्लरची पाटी दिसली. दोनदा जिना अर्धा चढून परत आले. तिसऱ्या वेळी वर गेले. तिथे एक मुलगी खेळते, माझ्याकडे शिकून गेलेल्यांच्या वयाची. सहा बॉल मांडताना ती कापडावर एक पातळ प्लास्टिकचा कागद पसरते, त्याला भोकं पाडलेली असतात, बॉल त्यांत बसतात आणि चिकटून राहतात. "मॅडम, कापडाले काहीच होत नाही," ती म्हणाली. मी तो कागद उजेडात धरून इतका वेळ पाहत राहिले की ती म्हणाली, "घेऊन जा, माझ्याकडे अजून हायत." दर गुरुवारी जाते. मनगट ऐकत नाही, कंबर दुखते, पहिले दोन महिने सहातले चारच जायचे. पण मांडणी हाताला आठवत होती. या गुरुवारी सहाच्या सहा गेले. मुलगी ओरडलीच. "कोनं शिकवलं तुमाले हे?" मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. "मग ते आता नाही खेळत?" ते नाहीत आता, म्हणाले. आणि पुढे, कुणी विचारलं नसताना: "डोळे गेले होते त्यांचे. त्याच्यामुळे खेळ सुटला." तिचा चेहरा उतरला. "अरेरे," ती म्हणाली, "उस्ताद मानसाचं असं व्हावं."

डोळ्यांचं ते वाक्य तुमचंच. तुम्ही ते मला झाकायला वापरायचात. तेच उचलून मीही मलाच झाकलं, तुमच्या डोळ्यांचा बळी देऊन. मला हे रात्रंदिवस खुपायला लागलं, म्हणून काल मी गुरुवार नसताना गेले आणि तिला सगळं सांगितलं. घर कसं करतात तेही सांगितलं. ती स्टिकला खडू लावत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे बाबाले समजलं होतं." मी म्हणाले, हो. "आन तुमी घाबरून गेल्या होत्या." मी म्हणाले, हो. "जाऊ द्या मॅडम. त्या वयात घाबरतेच मानूस."

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. जिना उतरतानाच कळलं की मी पुन्हा खोटं बोलले आहे. ते दुसरं 'हो' खोटं होतं. रात्रभर तेच उलटंपालटं करत होते, आणि सकाळपासून ही वही. हे कागद फाडून कुठे पाठवायचे नाहीत. ते कुणी वाचणार नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं, आणि तरी मी इथपर्यंत येताना सगळ्या बाजूच्या गोष्टी आधी लिहून घेतल्या.

मी घाबरले नव्हते, बाबा. भीती नंतर आली, मालक बोलायला लागल्यावर. काळा बॉल वळून थांबला तेव्हा सगळ्या पार्लरमध्ये एकट्या मला कळलं की तो का थांबला, आणि मला आनंद झाला. इतकं बिनचूक बसलं होतं माझं घर. मग तुमचा हात त्या जागी थांबला, आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले, तुम्हाला ते कसं वाटतंय ते दिसेल म्हणून. घरी जाताना तुम्ही विचारलंत, तेव्हा मी 'नाही' म्हणाले ते रागाने. एवढ्या वाटेत तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात, की चांगलं केलं होतंस.