अरविंदचा आवाज कोणाचा?

३ फेब्रु.
अरविंद सोनईच्या शाळेत शिकवत होते तेव्हाची एक संध्याकाळ आज सारखी डोळ्यांपुढे. पायरीवर दोघं ओला हरभरा सोलतोय. मी दाणे वाटीत टाकते, ते तोंडात. वर मलाच, "वाटी भरत कशी नाही गं?"

तो "गं" हवाय.

घशाच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही हे कळल्यावर रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करत. मधे स्वतःचे शेरे. ते गेल्यापासून मी रोज एक ऐकत होते. काल त्यांचा फोन बंद पडला. दुकानदार म्हणाला, सगळं कंपनीच्या खात्यात सुरक्षित आहे. नव्या फोनवर पासवर्ड टाकला, तर ओटीपी हवा, त्यांच्याच नंबरावरचा.

तो नंबर मीच बंद केला. तेराव्याच्या आत गॅस, पेन्शन, नंबर, सगळे अर्ज देऊन मोकळी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, काम अर्धं ठेवू नये. नाही ठेवलं!

९ फेब्रु.
कंपनीला पत्र पाठवलं. उत्तम इंग्रजीत, सगळं खरं. उत्तर लगेच. ग्राहकाची गोपनीयता आम्ही जपतो, कोर्टाचा आदेश आणा. आणि ग्राहक मृत असल्याचं आपण कळवल्याने खातं मार्चअखेर कायमचं पुसलं जाईल.

खरं बोलल्याचं हे फळ. खाली माणसाचं नावसुद्धा नाही. संध्याकाळी त्याच कंपनीची जाहिरात माझ्या फोनवर: जिवलगांच्या आठवणी सदैव जपा. निर्लज्ज!

१२ फेब्रु.
सुहास आला. नणंदेचा मुलगा, नगरला वकिली करतो. "मामी, डेटाच्या नव्या कायद्यात नॉमिनी नेमता येतो. पण मामांनी जिवंतपणी नेमायला हवा होता."
"तेव्हा कुणी सांगितलं?"
"कोर्टात जाऊ. पण वारसाचा दाखला लोक पैशाअडक्यासाठी काढतात. आवाजासाठी मागितलेला मी पाहिला नाही. आणि मार्चअखेर तर विसराच."

शेताला वारस, दागिन्यांना वारस, गॅसच्या टाकीलासुद्धा. माणसाच्या आवाजाला नाही. खातं उघडताना "मान्य आहे"वर अरविंदनी बोट ठेवलं होतं, ती अटींची पानं आज बसून वाचली. कंपनीचे हक्क पानोपानी. ग्राहक मेला तर घरच्यांनी काय करायचं, एक ओळ नाही. कायदा करणाऱ्यांच्या घरी कोणी मरत नाही का?

२० फेब्रु.
उगाच त्यांचा नंबर फिरवला. रिंग वाजली! आता तो काष्टीच्या कांताबाईंकडे, कोंबड्या विकतात. मागे नुसता कलकलाट. सगळं सांगितलं, ओटीपी मागितला.
"न्हाई बाई. टीव्हीवर सांगत्यात, कुनालाबी द्यायचा न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई."
"माझे मिस्टर वारलेत हो."
"मंग त्यांला कशाला पायजे?"
रागाने फोन ठेवला. मग हसू आलं, मग रडू. अरविंदना हे सांगायला हवं होतं.

२१ फेब्रु.
पुन्हा लावला.
"आवाज ऐकायचाय व्हय? मंग तसं म्हना की. बाजाराच्या दिशी या. तोंड बघितल्याबिगर न्हाई द्यायची. लई लोकं फशिवत्यात."
बरोबर आहे त्यांचं.

सुहास फोनवर ओरडला, "हे दुसऱ्याच्या खात्यात शिरणं होईल. मी काही ऐकलं नाही, मामी!"
दुसऱ्याच्या! शेवटी पाटीवर लिहून बोलायचे, ती पाटी मी पुसत होते.

२७ फेब्रु.
उद्या काष्टी. मीनल पुण्याहून म्हणते, आई, मी येईपर्यंत थांब. नाही थांबणार. पिशवीत मृत्यूचा दाखला, दोघांचा फोटो, कांताबाईंसाठी बेसनाचे लाडू. त्यांचा विचार बदलला तर लाडू तरी पोचतील.

मिळालंच तर आत्ताच लिहून ठेवते, उद्या सुचणार नाही. पहिलं रेकॉर्डिंग कांताबाईंना तिथेच ऐकवायचं. पेपरवाचन सगळं मीनलला. वकिलांना शिव्या घातलेलं सुहासला, पुढच्या वेळी कायदा सांगण्याआधी ऐकेल. नातीला वाघाच्या बातमीचं, त्यात डरकाळी आहे. माझ्या फोनचा नंबर मीनलने चालू ठेवायचा, मी गेल्यावरही. तेराव्याला कोणी शहाणपणा करू नये. आणि शेवटचं, ज्यात बातमी अर्ध्यात सोडून ते मला चहा मागतात, ते कोणालाच नाही. ते माझं.