बर्फाच्या कड्यातली पेटी

रविवार, १२ जानेवारी

चि. ठमीस,

आईचे पोटभर आशीर्वाद, आणि बाबांकडून गालाला एक चिमटा.

तुझी खोली लागली, शेजारीण बोलकी निघाली आणि तुझ्या ऑफिसातल्या वरच्या बाई अजून तरी ओरडलेल्या नाहीत, हे वाचून जीव भांड्यात पडला. नवी नोकरी म्हणजे पहिले काही महिने सगळे टक लावून बघणार. तेव्हा मन लावून काम कर, इकडचा विचार करू नकोस. इकडे विचार करण्यासारखं काही नाहीच.

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. पत्र तरी तुला पुरतं वाचावं लागेल.

बाबांकडे शिवणकाम भरपूर आलंय. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे बाह्या आणि कॉलर. मी सध्या घरीच आहे. रजा साठली होती, बंदराच्या यार्डातही काम मंद आहे, म्हटलं घ्यावी एकदाची. इतकी वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये आकाशात बसले, आता जरा जमिनीवर बसून बघू.

पण जमिनीवर बसते कुठली! तुझा तो अंतराळाचा खेळ लावून बसले आहे. हसू नकोस. तू सोडून गेलीस तिथूनच उघडला. तुझं निळं यान, ‘पिंगळा’, त्याच अवकाशतळावर धूळ खात उभं होतं. मुख्य कथेत काय चाललंय ते मला विचारू नकोस. एक सेनापती सारखा पडद्यावर येऊन म्हणतो, “कप्तान, विश्व संकटात आहे, त्वरा करा!” मी म्हणते, थांब रे बाबा जरा. मला आवडली ती तळावरची खानावळवाली म्हातारी. ती फुटलेल्या मालवाहू जहाजाची आणि त्यातल्या खजिन्याची गोष्ट सांगते आणि म्हणते, आणून दाखव. तीन दीपस्तंभ शोधायचे, त्यांनी दाखवलेल्या दिशा जुळवायच्या, मग जहाज सापडतं. दोन तू शोधून ठेवलेस. तिसरा एका लाल ग्रहावर आहे. तिथवर मी पोचले.

पण उतरता येईना. कधी जमीन बरीच खाली असताना मी इंजिन बंद करते, तर कधी जमीन येऊन ठेपलेली असते आणि मी अजून ऐटीत खाली येतच असते. बाबा शिलाई मशीनवरून मान वर करतात, “गेलं का यान?” मी म्हणते, “गेलं.” की पुन्हा त्यांची खर्र खर्र सुरू. सवय नाही, दुसरं काही नाही.

घरात बाकी विशेष असं नाही. चिनी मातीचे कप माळ्यावर टाकले आणि स्टीलचे पेले आणले, नाजूक वस्तू कोण सांभाळत बसेल! बाजारात हल्ली बाबाही बरोबर येतात. त्यांनाही पाय मोकळे करायला हवेतच ना.

एक मात्र कळव. दोन दीपस्तंभ शोधून तू तिसऱ्याच्या वाटेला का गेली नाहीस? तू काही अर्ध्यावर टाकणारी मुलगी नव्हेस.

जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
आई


शनिवार, १५ मार्च

लाडके ठमे,

पेटी उचलली! पेटी उचलली! पेटी उचलली!

हे आधी लिहून टाकलं, आता बाकीचं. तू लिहिलं होतंस की शेवटची पेटी वर काढणं तुझ्या ओळखीतल्या एकालाही जमलं नाही, म्हणून तू तो नादच सोडलास. तर तुझ्या त्या ओळखीतल्या सगळ्यांना सांग, माझ्या आईला जमलं. वय सांगायचं असेल तर तेही सांग.

तुझी नजर फार बारीक. माझ्या पत्रातल्या ओळी तिरक्या का, कप का गेले, आणि अंगात ताप असताना कामावर जाणारी आई इतकी लांब रजा कशी घेते, असं विचारलंस. बाबांना फोन करून खोदून खोदून विचारलंस तेही कळलं. बिचारे ‘गिऱ्हाईक आलंय’ म्हणून फोन ठेवतात. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि मी त्यांना शपथ घातली होती. सगळं सांगते. पण खजिन्याच्या ओघात सांगू दे, नाहीतर माझ्याच्याने लिहवणार नाही.

लाल ग्रहावर मी यान आपटत होते ना? ते का आपटतंय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. एका सकाळी मी कंट्रोलर सोफ्यावर फेकला आणि भोकाड पसरलं. बाबा धावत आले. गळ्यात टेप, कानावर खडू.

“आण इकडे,” ते म्हणाले, “मी उतरवून देतो.”

त्यांनी उतरवायला घेतलं आणि धाडकन आपटलं. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तर डोंगरात घातलं.

“अहो, तुम्हाला तर दिसतंय ना नीट?” मी ओरडले.

“दिसतंय गं! पण जमीन किती खाली आहे ते कळतंय कुठे? भिंतीवरच्या चित्रात उडी मारायला सांगितल्यासारखं आहे हे.”

ठमे, बाबांचे दोन्ही डोळे धडधाकट आहेत. माझा उजवा गेला.

लिहिलं एकदाचं.

तू गेलीस त्याच आठवड्यात झालं. मी केबिनमध्ये होते. बाजूने कुणीतरी काळा पडदा ओढत आणावा तसं आलं. हुकाला कंटेनर लटकत होता. तो अलगद खाली ठेवला, क्रेन बंद केली, शिडी उतरले आणि मगच खाली उभ्या सिग्नलवाल्याचा दंड घट्ट धरला. डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली, जीव ओतून केली, पण तो काही धरला नाही. आता दुखत नाही. डावा डोळा तपासून घेतलाय, ठणठणीत आहे. पण एका डोळ्यावर अंतराचा अंदाज येत नाही गं. चहा कपाच्या बाहेर जातो. पायरी असते असं वाटतं तिथे ती नसते. आणि क्रेनचं म्हणशील, तर कंपनीच्या डॉक्टरांनी मला अपात्र ठरवून सही केली आणि तो विषय संपला.

तू नवी नोकरी टाकून धावत आली असतीस, म्हणून नाही सांगितलं. हे कारण खरंच आहे. पण अजून एक होतं. तुला सांगितलं असतं की ते खरं झालं असतं.

तर बाबांनी डोंगरात यान घातलं आणि मी रडायची थांबले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टीव्हीचा पडदा सपाट! तिथे दोन डोळ्यांचा माणूस आणि मी अगदी सारखे. मग जे लोक सराईतपणे यान उतरवतात त्यांना अंतर कशावरून कळतं? काहीतरी खूण असणारच.

मी बाबांच्या हातून कंट्रोलर काढून घेतला आणि उतरायची घाई सोडून नुसती बघत बसले. ‘पिंगळ्या’ची सावली जमिनीवर पडते, आणि यान खाली येतं तशी ती त्याच्या पोटाकडे सरकत येते. यान थोडं डावी-उजवीकडे डुलवलं की जवळचे दगड झपकन सरकतात आणि लांबचे आळशासारखे पडून राहतात. बस, एवढंच. सावली आणि यान एकमेकांना भेटले आणि मी इंजिन बंद केलं. टप्प! पान गळून पडावं तसं यान टेकलं.

मग ते वेडच लागलं मला. ओट्याशी उभी राहून मान डोलवायची आणि कुठला डबा पुढे आणि कुठला मागे ते ओळखायचं. जिन्यात पायरीच्या सावलीकडे बघायचं. किटलीची चोच पेल्याच्या काठाला टेकवायची आणि मगच ओतायचं. बाबा म्हणाले, “कोंबडीसारखी मान हलवतेस.” म्हटलं, कोंबडी कधी पायरी चुकलेली पाहिलीत का? मागच्या आठवड्यात माळ्यावरचे कप खाली काढले.

आता खजिना. तिसरा दीपस्तंभ त्या लाल ग्रहावरच्या एका दरीत निघाला. तिन्ही दिशा जुळवल्या तर त्या एका हिरव्या ग्रहाला जाऊन भिडल्या. त्याच्याभोवती बर्फाच्या दगडांचं अख्खं कडं फिरतंय. त्या गर्दीतून वाट काढत गेले, तर आत ते जहाज, पोट फाटलेलं, संथपणे गरगर फिरणारं. पोटात पेटी. आपण वरून दोर सोडायचा, टोकाला चुंबक, आणि जहाजाची फट समोर आहे तेवढ्यात पेटी बाहेर काढायची. काठाला लागली की पेटी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

ठमे, मी ते बघितलं आणि खदखदा हसले. यानाचं सोंग घेतलेली क्रेनच होती ती!

दोरावरचं ओझं झोके घ्यायला लागलं की नवखा माणूस घाबरून उलटं खेचतो, आणि झोका वाढतो. तुम्ही सगळे तेच करत असणार. ओझं जिकडे जातंय तिकडे आपणही जायचं. ते टोकाला पोचलं की नेमकं त्याच्या डोक्यावर जाऊन थांबायचं. मग ते गप्प लोंबकळतं. माझ्या हातांना हे ठाऊक होतं. डोळ्याबरोबर हातही गेले असं मीच धरून चालले होते.

तरी पहिल्या दिवशी जमलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कालच्या दुपारी बाबांचे एक गिऱ्हाईक कोट घालून बघायला आले होते. बँकेत असतात ते. कोटाला एकच बाही, तीही टाचण्यांवर. बाबा त्यांना तसेच सोडून माझ्या टीव्हीशेजारी येऊन उभे राहिले आणि आमच्या सिग्नलवाल्यासारखे हातवारे करायला लागले.

“सोड, सोड… अजून… थांब! डावीकडे!”

“अहो, टीव्हीसमोरून बाजूला व्हा आधी!”

पेटी चिकटली. वर घेतली. ती झुलायला लागली. नेमका तेव्हा सेनापती उगवला, “कप्तान, विश्व संकटात आहे…” आणि ते बँकवाले गृहस्थ त्याच्यावर खेकसले, “गप्प बसा हो तुम्ही!” मी झोक्याबरोबर गेले. थांबले. फट समोर येत होती. फट आली, पेटी तिच्यातून सुईत दोरा जावा तशी निघाली आणि वर, वर, ‘पिंगळ्या’च्या पोटात!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! गृहस्थांनी दोन्ही हात वर केले आणि ती एकुलती बाही निखळून पडली. बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग आम्ही जागच्या जागी नाचलो. पेटीत सोन्याच्या विटा निघाल्या आणि त्या जहाजाची पितळी घंटा. खानावळवाल्या म्हातारीने ती दारावर टांगली. आता कुणीही आत गेलं की वाजते. मी उगाचच चारदा आतबाहेर केलं.

आणि आज सकाळी एकटी यार्डात गेले. रस्ता एकटीने ओलांडला. बाबा खिडकीत उभे होते, मी मागे वळून पाहिलं नाही. वर चढू द्या असं म्हणायला गेले नव्हते मी. केबिन गेली ती गेली. सकाळच्या उन्हात वरून सगळं पाणी चमकताना दिसायचं, ते आता दिसणार नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, अजून बरेच दिवस वाटेल. पण नव्या पोरापोरींना वर पाठवण्याआधी खालच्या खोलीत पडद्यांसमोर बसवून शिकवतात, ते यंत्र मला ठाऊक होतं. यार्डप्रमुखांना म्हटलं, “मला एकदा त्याच्यावर बसू द्या.”

त्यांनी खुर्ची ओढून दिली. वारा सोडला त्यांनी माझ्यावर, पाऊस सोडला, लाटांवर हलणारं जहाज दिलं. कंटेनर बरोबर जागेवर ठेवला.

“शिकवशील?” त्यांनी विचारलं.

“शिकवीन. पण ओरडेन.”

“ते सगळ्यांना माहीत आहे,” म्हणाले.

पहिल्या तारखेपासून रुजू होते.

आता तू हे वाचून रडशील. थोडं रड, मग डोळे पूस आणि कामाला जा. धावत येऊ नकोस. रीतसर सुट्टी मिळेल तेव्हा ये. स्टेशनवर तुला न्यायला मी एकटी येणार आहे. बाबांना तसं सांगून ठेवलंय, ते फुरंगटून बसलेत. गर्दीत मी तुला शोधीन, तू काळजी करू नकोस. फक्त गाडीतून उतरलीस की मागून येऊन गळ्यात पडायची तुझी सवय आहे ना, ती जरा आवर.

माझ्या डावीकडून ये. लांबून येताना बघायचंय मला तुला.

तुझी,
आई